‘रीइटरेट’ राहू द्या, ‘अगेन’ काढा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. शाळा मराठी माध्यमाची, पदवी बेळगावची. सध्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात पत्रव्यवहार बघते. एका गिऱ्हाइकाकडं बिलाचे पैसे थकलेत. दोन पत्रं पाठवून झाली. तिसऱ्या पत्रात मी लिहिलं, ‘वुई रीइटरेट अगेन अबाउट द पेंडिंग पेमेंट.’ साहेबांनी लाल पेनानं गोल केला आणि म्हणाले, सरळ ‘रिपीट’ लिहा. घरी भाऊ इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, ‘री’ म्हणजे पुन्हा, ‘इटरेट’ म्हणजेही पुन्हा, मग नुसतं ‘इटरेट’ लिही, आमच्याकडं तेच चालतं. नेमकं कुणाचं ऐकू? आणि या शब्दाचं मूळ काय, तेही सांगा. मूळ कळलं की मला शब्द विसरत नाही.

उत्तर:

तुमचा ‘रीइटरेट’ बरोबर जागी बसलाय, त्याला हात लावू नका. काढायचे ते ‘अगेन’ आणि ‘अबाउट’. साहेबांनी गोल केला ते योग्य केलं, कारण ‘रीइटरेट’मध्ये ‘पुन्हा’ आधीच आहे. मात्र ‘रिपीट’ हा त्यावरचा इलाज नाही. ‘वुई रिपीट अवर रिक्वेस्ट’ हे व्याकरणाला धरून आहे, पण त्यातून एवढंच कळतं की तुम्ही मागचं पुन्हा बोललात. ‘रीइटरेट’ म्हटलं की आधी सांगितलं ते आजही तसंच आहे आणि आम्ही त्यावर ठाम आहोत, हेही कळतं. तगाद्याच्या तिसऱ्या पत्राला हा ठामपणा हवा असतो. भावाचा ‘इटरेट’ वेगळ्या कामाचा आहे, त्याकडं नंतर येऊ.

आधी ‘अगेन’ कुठून आला ते बघा, कारण तो फक्त तुमच्याच पत्रात येतो असं नाही. आपण ‘रिपीट’ हा शब्द इंग्रजीतून घेतला आणि त्याला ‘करणे’ जोडून मराठी क्रियापद केलं. घेताना त्यातला ‘री’ आपल्याला वेगळा ऐकू आला नाही. त्यामुळे बोलताना आपलं ‘परत’ आपण पुढं लावतोच: ‘परत रिपीट कर.’ मराठीत हे खपून जातं. तेच वाक्य मनात धरून इंग्रजी लिहायला बसलं की ‘रिपीट अगेन’, ‘रीइटरेट अगेन’, ‘रिटर्न बॅक’, ‘रिव्हर्ट बॅक’ अशी सगळी जोडपी कागदावर उतरतात. यातला ‘रिपीट अगेन’ कधी कधी बरोबरही असतो. एकदा रिपीट करून झालं आणि आता तिसऱ्यांदा करायचं असेल, तर तिथं ‘अगेन’ला काम आहे. ‘रीइटरेट’ला ती सवलत घेऊ नये. कितव्यांदा सांगताय हे तो मोजत नाही. दुसऱ्यांदा सांगा की दहाव्यांदा, शब्द तोच.

‘परत’वरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. ‘पैसे परत दे’ म्हणजे मागं दे, आणि ‘परत सांग’ म्हणजे पुन्हा सांग. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ लॅटिनच्या ‘री’लाही आहेत. ‘रिटर्न’मध्ये तो मागं नेतो, ‘रिपीट’मध्ये पुन्हा करायला लावतो. पुन्हा करायचं म्हणजे मागं वळायचं, ही कल्पना बऱ्याच भाषांत आढळते. बेळगावात ‘काय सांगुलास ते फिरून सांग’ म्हणतात, त्यातलं ‘फिरून’ हेच. कन्नडमधलं ‘तिरुगी’ हेही फिरणं, वळणं यावरूनच ‘पुन्हा’ झालं. आणि लॅटिनमध्ये ‘पुन्हा’साठी ‘रुर्सुस’ असा शब्द होता, त्याची फोड ‘मागं वळलेला’ अशीच होते.

‘रीइटरेट’च्या पोटात मात्र दुसरंच ‘पुन्हा’ आहे. लॅटिनमध्ये ‘इतेरुम’ म्हणजे दुसऱ्यांदा. रोममध्ये एखादा माणूस दुसऱ्यांदा कॉन्सुल, म्हणजे तिथला सर्वोच्च अधिकारी, झाला की त्याला ‘कॉन्सुल इतेरुम’ म्हणत. या ‘इतेरुम’चा आपल्या ओळखीचा भाऊबंद म्हणजे संस्कृतातला ‘इतर’. दोन्हींच्या मुळाशी ‘हा’ किंवा ‘तो’ असं बोट दाखवणारा ‘इ’ आहे, आणि त्याला दोहोंतला दुसरा दाखवणारा प्रत्यय लागलाय. संस्कृतात तो ‘तर’ असा दिसतो. ‘दोघांपैकी कोणता’ या अर्थाच्या ‘कतर’मध्ये तोच आहे, आणि त्या ‘कतर’चं इंग्रजीतलं भावंड म्हणजे ‘व्हेदर’. तेव्हा ‘इतेरुम’ म्हणजे मुळात ‘ही नव्हे, दुसरी वेळ’.

इथं एक सावधगिरी. असं काही वाचलं की लगेच मोबाइलवर मेसेज फिरू लागतात, ‘इंग्रजांनी आपला इतर चोरला’ म्हणून. तसं झालेलं नाही. संस्कृत, लॅटिन, ग्रीक या एका जुन्या भाषेच्या लेकी असाव्यात, असं भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढं मांडलं, आणि पुढच्या अभ्यासानं ते पक्कं केलं. ‘इतर’ आणि ‘इतेरुम’ हे एकाच घरातून वेगळे निघालेले शब्द आहेत, एकानं दुसऱ्याकडून घेतलेले नव्हेत. कन्नडमधल्या ‘इतर’ची गोष्ट वेगळी. तो खरोखरच संस्कृतातून घेतलेला शब्द आहे.

आता शेतात चला, कारण या शब्दाचा सगळ्यात जिवंत अर्थ तिथं आहे. ‘इतेरुम’वरून ‘इतेरारे’ हे क्रियापद झालं: दुसऱ्यांदा करणे, पुन्हा म्हणणे. शेतीच्या लॅटिनमध्ये त्याचा अगदी नेमका अर्थ होता, रान दुसऱ्यांदा नांगरणे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या रोमन लेखकानं शेतीवर सविस्तर लिहून ठेवलंय. त्याच्याकडं तीन नांगरटींना तीन क्रियापदं आहेत. पहिल्यांदा जमीन फोडणं ते ‘प्रोस्किंदेरे’, दुसरी नांगरट ‘इतेरारे’, तिसरी ‘तेर्तियारे’. शेवटच्यात आपला ‘तृतीय’ ऐकू येतो, आणि तो तिथं खरंच आहे. नातं पुन्हा भावंडाचंच.

ही दुसरी नांगरट का लागते हे खानापूर-निपाणीच्या शेतकऱ्याला सांगायला नको. ऑफिसात बसणाऱ्यांसाठी सांगतो. पहिल्या नांगरटीत दोन तासांच्या, म्हणजे नांगरानं पाडलेल्या ओळींच्या, मध्ये नांगर न लागलेली पट्टी राहते आणि मोठमोठी ढेकळं निघतात. म्हणून पहिली उभी घातली तर दुसरी आडवी घालतात. आडव्या तासानं राहिलेली पट्टी कापली जाते, ढेकूळ फुटतं, तणाची मुळं वर येऊन उन्हात वाळतात. आपण त्याला उभी-आडवी नांगरट म्हणतो, दुबार नांगरट म्हणतो. हा ‘दुबार’ म्हणजे ‘इतेरारे’चा अगदी चपखल मराठी जोडीदार. रान तेच, नांगर तोच, पण दुसरा फेरा पहिल्याची नक्कल नसतो. पहिल्यानं जे सोडलं ते तो धरतो.

शेतातून ‘पुन्हा करणे’चा अर्थ घेऊन निघालेला हा एकटाच शब्द नव्हे. नाटकाच्या तालमीला इंग्रजीत ‘रिहर्स’ म्हणतात, तो जुन्या फ्रेंचमधून आला. तिथं त्याचा अर्थ होता दातांचा कुळव रानातून पुन्हा फिरवणे. आपण ‘आणखी एक पाळी घाला’ म्हणतो, तसं. त्या कुळवाचं फ्रेंच नाव ‘एर्स’. त्याच आकाराची मेणबत्त्या लावायची चौकट शवपेटीवर ठेवत, तिला तेच नाव पडलं, आणि पुढं शव नेणाऱ्या गाडीला इंग्रजीत ‘हर्स’ म्हणू लागले. ‘रिपीट’चं घराणं मात्र शेतातलं नाही. त्याच्या मुळाशी ‘पेतेरे’ आहे, म्हणजे एखाद्या गोष्टीकडं झेपावणे, ती मागणे. ‘पिटिशन’ आणि ‘कॉम्पिट’ त्यातूनच निघाले. संस्कृतातल्या ‘पतति’शी, म्हणजे उडणे-पडणे या धातूशी, त्याचं नातं आहे.

‘इतेरारे’मध्ये ‘दुसऱ्यांदा’ होतंच, मग वर ‘री’ कशाला लावला? हा भावाचा प्रश्न रास्त आहे. नंतरच्या लॅटिनमध्ये ‘इतेरारे’तला ‘दुसऱ्यांदा’ बोथट झाला, म्हणून जोर यावा यासाठी ‘री’ जोडून ‘रेइतेरारे’ केलं. ही घोडचूक मानायचं कारण नाही. आपण ‘पुन्हा पुन्हा’ म्हणतो, ‘पुनश्च’ला ‘एकदा’ जोडून ‘पुनश्च एकदा’ लिहितो. घासून गुळगुळीत झालेल्या शब्दाला सगळ्याच भाषा असा टेकू देतात. इंग्रजीत गंमत अशी की दुहेरी ‘पुन्हा’चा ‘रीइटरेट’ आधी आला, पंधराव्या शतकात, आणि साधा ‘इटरेट’ त्याच्यानंतर, सोळाव्या शतकात. म्हणजे ‘इटरेट’ हाच खरा शब्द आणि ‘रीइटरेट’ मागाहून बिघडलेला, हे इंग्रजीच्या बाबतीत तरी लागू होत नाही. मूळ ही शब्द लक्षात ठेवायची खुंटी आहे. आज कुठला शब्द कुठं वापरायचा हे मात्र आजच्या वापरावरच ठरतं.

आजचा वापर ओळखायला सीमाभागातल्या माणसाकडं एक तयार माप आहे. मराठी वर्तमानपत्रांत ‘मागणीचा पुनरुच्चार केला’, ‘भूमिकेचा पुनरुच्चार केला’ असं छापून येतं. सीमाप्रश्नाच्या बातमीत तर हे शब्द ठरलेलेच. कन्नड पेपर उघडला तर तिथंही ‘पुनरुच्चरिसिदरु’. दोन्हीकडं आत ‘उच्चार’ आहे, म्हणजे तोंडानं सांगणं. तेव्हा तुमच्या वाक्यात ‘पुनरुच्चार’ घालून बघा. ‘विनंतीचा पुनरुच्चार’ बसतो, ‘अटीचा पुनरुच्चार’ बसतो, ‘आश्वासनाचा’ बसतो. तिथं ‘रीइटरेट’ निर्धास्त लिहा. ‘चाचणीचा पुनरुच्चार’ म्हणून बघा, कानाला लगेच खटकेल. चाचणी पुन्हा करतात, तिचा उच्चार करत नाहीत. तिथं ‘रिपीट द टेस्ट’. ऑर्डर पुन्हा द्यायची असेल तर ‘रिपीट ऑर्डर’. जुन्या इंग्रजी लिखाणात वार, प्रयत्न अशा कृतींनाही ‘रीइटरेट’ लावलेलं सापडतं, पण आजच्या पत्रात ते विचित्र दिसेल.

रचनेबद्दल थोडं. ‘रीइटरेट’नंतर थेट ती गोष्ट येते, नाहीतर ‘दॅट’ घालून पूर्ण वाक्य. मध्ये ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ चालत नाही. आपण ‘पैशांबद्दल परत सांगतो’ असा विचार करतो, तो ‘बद्दल’ तसाच उचलला जाऊन ‘अबाउट’ होतो. माणूसही त्याच्या लगेच पुढं येत नाही. ‘वुई रीइटरेट यू’ चूक. सांगायचंच झालं तर ‘वुई रीइटरेट टू यू दॅट’. आणि ‘वुई रीइटरेट द सेम’ हे ऑफिसातलं लाडकं वाक्य टाळा. ‘द सेम’ म्हणजे नेमकं काय, हे शोधायला समोरच्याला मागची पत्रं उपसावी लागतात, आणि पैसे द्यायचे नसलेला माणूस ती उपसत नाही.

आता तुमचं पत्र. ‘रीइटरेट’ लिहिण्याआधी मागची दोन्ही पत्रं समोर ठेवा आणि बिलाचा नंबर, तारीख, रक्कम जुळवून घ्या. पहिल्या पत्रात रक्कम जीएसटी धरून आणि दुसऱ्यात वगळून, असं सर्रास होतं. आकडे वेगळे आणि वर ‘रीइटरेट’, म्हणजे समोरच्याच्या हातात आयतं कोलीत: तुम्हीच दोन आकडे सांगताय, आधी तुमचं ठरवा. मधल्या काळात त्यांनी थोडे पैसे भरले असतील, किंवा माल परत आल्यामुळं बिल कमी झालं असेल, तर जुन्या रकमेचा पुनरुच्चार होऊच शकत नाही. तिथं ‘रिव्हाइज्ड’ रक्कम म्हणून नवा आकडा हिशेबासकट द्या.

दुसरं, ‘रीइटरेट’ला पुरावा लागतो. आधी सांगितलं होतं हे तो गृहीत धरतो, तेव्हा कधी सांगितलं ते त्याच्या आधीच्या वाक्यात यायला हवं. तिसरं, नवी गोष्ट त्याच्या पोटात घालू नका. 15 मार्च ही मुदत तुम्ही आत्ता पहिल्यांदाच देत असाल तर तिच्यासाठी ‘रिक्वेस्ट’ हे वेगळं क्रियापद घ्या. सगळं धरून मजकूर असा होईल: ‘वुई रेफर टू अवर लेटर्स ऑफ 5 जानेवारी अँड 2 फेब्रुवारी. वुई रीइटरेट दॅट द इन्व्हॉइस मेन्शन्ड इन दोज लेटर्स रिमेन्स अनपेड. वुई रिक्वेस्ट पेमेंट बाय 15 मार्च.’ तारखा तुमच्या घाला आणि ‘इन्व्हॉइस’च्या पुढं नंबर आणि रक्कम टाका. तीन वाक्यं पुरतात. ‘काइंडली’, ‘डू द नीडफुल’ यांची इथं गरज नाही.

पहिल्या-दुसऱ्या पत्रात ‘रीइटरेट’ वापरू नये. पहिल्यात वापरला तर खोटाच ठरतो, आणि दुसऱ्यात तो ‘एकदा सांगून कळत नाही का’ असा लागतो. दुसऱ्या पत्राला ‘रिमाइंडर’ पुरे. ज्या गिऱ्हाइकाशी संबंध टिकवायचेत त्याला तर आधी फोन करावा आणि फोनवर ठरलेलं ‘टू कन्फर्म’ म्हणून लिहून पाठवावं.

‘रिपीट’चा एक धडा मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात, म्हणजे बेळगावात, बऱ्याच घरांना ठाऊक असेल. लष्कराच्या वायरलेसवर नीट ऐकू आलं नाही तर ‘रिपीट’ म्हणायचं नसतं, ‘से अगेन’ म्हणायचं असतं. तोफखान्याच्या भाषेत ‘रिपीट’ म्हणजे तोच मारा पुन्हा करा. विमानाच्या रेडिओवरही ठरलेला शब्द ‘से अगेन’ हाच. म्हणजे ‘अगेन’ हा शब्द वाईट नाही. त्याची स्वतःची जागा आहे, ती ‘से’च्या शेजारी.

आता भावाचा ‘इटरेट’. शब्दकोशात त्याला ‘पुन्हा सांगणे’ हाही अर्थ आहे, पण आजच्या व्यवहारात तो गणित, संगणक आणि डिझाइनचा शब्द झालाय. तिथं एक क्रिया करायची, तिचं उत्तर घ्यायचं आणि त्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करायची. 10 चं वर्गमूळ काढून बघा. अंदाज 3 धरा. 10 ला 3 नं भागलं की 3.3333. या दोघांची सरासरी 3.1667. आता 10 ला 3.1667 नं भागा, 3.1579 येतात. पुन्हा सरासरी, 3.1623. दोन फेऱ्यांत चार दशांशांपर्यंत बरोबर उत्तर. कृती तीच, पण प्रत्येक फेरीत हातातला आकडा नवा. तुमच्या कारखान्यात ओतकाम होत असेल तर नमुन्याचा जॉब (सुटा भाग) ओतायचा, मोजायचा, पॅटर्न (ज्यावरून साचा करतात तो नमुना) सुधारायचा आणि पुन्हा ओतायचा, हेही ‘इटरेट’च. मात्र सुधारणा न करता तोच जॉब शंभर नग काढले तर ते ‘रिपीट’.

भावालाही एक फरक सांगा, कारण नोकरीच्या मुलाखतीत तो अडवतो. ‘इटरेट ऑन द डिझाइन’ म्हणजे डिझाइन फेरीफेरीनं सुधारत नेणे. ‘इटरेट ओव्हर द लिस्ट’ म्हणजे यादीतली एकेक नोंद क्रमानं घेत जाणे, त्यात सुधारणा असेलच असं नाही. ‘ऑन’ आणि ‘ओव्हर’ची अदलाबदल केली की वाक्याचा अर्थच फिरतो. आणि पैशाच्या तगाद्यात यातलं काहीच चालणार नाही. ‘वुई इटरेट अवर रिक्वेस्ट’ वाचून समोरच्याला वाटेल की विनंती दर वेळी थोडी बदलतेय.

उच्चार राहिला. ‘इटरेट’चा पहिला आवाज आखूड ‘इ’, जोर त्याच्यावर. ‘आयटम’ ओठांवर असल्यामुळं बरेच जण ‘आयटरेट’ म्हणतात, ते चूक. ‘रीइटरेट’मध्ये ‘री’ आणि ‘इ’ वेगवेगळे म्हणा आणि जोर ‘इ’वर द्या. ‘रायटरेट’ नाही, ‘रीटरेट’ही नाही. ‘रीटरेट’ घाईत म्हटलं तर ‘रिट्रीट’च्या जवळ जातं, म्हणजे माघार, आणि थकबाकीच्या फोनवर तसं ऐकू जाणं बरं नव्हे. स्पेलिंगमध्ये ‘आर, ई’ नंतर लगेच ‘आय’ येतो, मध्ये रेघ नाही. ‘ई’ आणि ‘आय’ उलटे पडले तर ते घाईत नजरेला चटकन दिसत नाही, म्हणून पत्र पाठवण्याआधी या दोन अक्षरांवर बोट ठेवून वाचा.